शिडीवरून आलेला फोन

घोट्याला प्लास्टर घालून अक्का घरी बसली होती खरी, पण तिला बसवत कुठे होतं! खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खिडकीशी, कुबड्या आपटत सारखी येरझार. हॉटेलच्या मोठ्या हॉलचे पडदे लावायचं तिचं काम. गेल्या महिन्यात ओल्या फरशीवर शिडी सरकली आणि अक्का धाडकन खाली आली.

"जरा स्वस्थ बस की," नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला.

"स्वस्थ बसायला मी काय कपाट आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. हॉटेलच्या लाँड्रीतल्या मावशी. अक्काच्या जागी आता त्यांनाच पडद्यांना जुंपलं होतं.

"अक्का, हे हूक कुठल्या बाजूने घालायचे गं? संध्याकाळी लग्न आहे, मॅनेजर डोक्यावर बसलाय."

मावशींना धाप लागली होती. अक्का चालता चालता थबकली. "मावशी, तुम्ही आहात कुठे?"

"कुठे म्हणजे? शिडीवर!"

"एका हातात फोन घेऊन?"

"दुसऱ्या हातात पडदा आहे ना."

"आणि शिडी कोणी धरलीय?"

"धरायला रिकामं कोण आहे इथे?"

ओरडावं, तर त्या दचकायच्या. अक्काने आवाज गिळला. "पडदा सोडून द्या. फोन खिशात टाका आणि दोन्ही हातांनी धरून उतरा."

"अगं, पाच मिनिटांचं तर काम..."

"पडले त्या दिवशी मीही तेच म्हणत होते, मावशी."

फोनमध्ये नुसती खरखर. नवरा सुरी घेऊन तसाच दारात उभा. मग काहीतरी दाणकन आदळलं.

"मावशी!"

"अगं, पडद्याचा गज पडला. मी खालीच आहे."

"मॅनेजरला द्या फोन."

"अक्का, पाय कसा आहे?" मॅनेजरने गोड आवाजात विचारलं.

"पायाचं राहू द्या. शिडी धरायला माणूस द्या. नाहीतर गाडी करून येते आणि कुबड्या घेऊन दारात बसते. पाहुणे विचारतील, त्यांना सांगेन."

"आत्ता माणूस कुठून आणू?"

"तुम्ही आहात की."

जरा वेळाने मावशी कुजबुजल्या, "साहेबांनी कोट काढलाय गं. घट्ट धरलीय शिडी. फोन खिशात टाकून चढते." अक्काला हसू फुटलं. तरी मावशी सगळे पडदे लावून उतरेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

"झालं ना? आता तरी टेकशील?" नवऱ्याने विचारलं.

अक्काने पुन्हा कुबड्या ओढल्या. "आज धरली. उद्या कोण धरणार?"