कायद्याचे पेढे

वहिदाआपांनी हॉलच्या दाराशी चपला काढल्या, तेव्हा भागवत व्यासपीठावर निबंध वाचत शेवटच्या पानावर आला होता. कॉलेजच्या हॉलमध्ये कोण चपला काढतं? मागच्या रांगेतल्या दोन पोरी फिदीफिदी हसल्या. भागवतने घाईघाईने नजर कागदावर आणली.

त्याने काही आपांना बोलावलं नव्हतं. नांदेडभर लागलेला चर्चासत्राचा फलक वाचून आल्या असणार.

भागवत फ्रेंच शिकवायचा. अरबीचं अलिफसुद्धा येत नसताना पठ्ठ्याने ऐटीत विषय घेतला होता, अरबी आणि फ्रेंचमधले स्वर आणि लिंग. मग अडला, आणि इतवारा मोहल्ल्यात आपांच्या ओसरीवर जाऊन बसला. आपा गल्लीतल्या मुलींना कायदा, म्हणजे अरबीचं पहिलं पुस्तक, शिकवायच्या. त्यालाही त्यांनी त्याच रांगेत बसवलं. वर्षभर, दर रविवारी. अक्षराच्या वर जबर, खाली जेर, आणि पेश. छोटे स्वर एवढेच, तेही खुणेपुरते. सूर्य बाई, चंद्र बाप्या. फ्रेंचमध्ये बरोब्बर उलटं असतं, हे त्याने सांगितलं तेव्हा आपा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

एका रविवारी तो म्हणाला, "आपा, फ्रेंचमध्ये 'लहान' या शब्दाचं शेवटचं अक्षर मुलाला लावताना गिळतात. मुलीला लावताना मात्र स्पष्ट म्हणतात."

"म्हंजी बाई आली की मुकं अक्षर बोलाया लागतंय म्हना की!"

तेच वाक्य आता निबंधाचा शेवट झालं होतं. त्याने ते जरा सावकाश वाचलं. टाळ्या पडल्या.

"क्या बात है! हे सुचलं कसं हो तुम्हाला?" विभागप्रमुख रुद्राणी मॅडमनी विचारलं.

"असंच... वाचता वाचता."

आभारात पुण्याचे दोन प्राध्यापक होते, ग्रंथपाल होते, झेरॉक्सवालासुद्धा होता. आपांचं नाव पहिल्या खर्ड्यात होतं. पण गल्लीत पोरींना शिकवणाऱ्या उस्तानीचा संदर्भ कसा द्यायचा, लोक हसतील, म्हणून त्याने ते स्वतःच्या हाताने खोडलं होतं. आता त्याची कानशिलं तापली. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तरी तो व्यासपीठावरून उतरला तो सरळ चहाकडेच गेला.

आपा तिथेच आल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"या कोण?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ओळखीच्या आहेत."

आपांनी ते ऐकलं. पुड्याचा दोरा सोडून त्यांनी तो मॅडमपुढे धरला.

"घ्या बाई."

"कशाचे हो?"

"आमच्यात कायदा पुरा करून शागीर्द पहिल्यांदा चार लोकांत वाचला, की पेढे वाटतेत."

"अरे वा! कुणी वाचलं?"

आपांनी भागवतकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखादी पोरगी अक्षरावर अडली की त्या अशाच बघत थांबायच्या, आणि अक्षर स्वतः कधी सांगायच्या नाहीत. भागवतने तोंड उघडलं. भोवती प्राध्यापक उभे होते, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. एकच शब्द म्हणायचा होता. मी. तो त्याने गिळला.

आपा अजून थोडं थांबल्या. मग मॅडमकडे वळल्या.

"हाय एक शागीर्द. पेढे खरं तर त्यानंच आणायचे असतेत. पर बारका हाय अजून. न्हाई आलं ध्यानात."

"असू द्या हो, पोरंच ती," मॅडम हसून म्हणाल्या आणि त्यांनी अजून एक पेढा उचलला.

पुडा फिरत फिरत भागवतपुढे आला.

"घ्या सर," आपा म्हणाल्या.

वर्षभरात त्यांनी त्याला कधीच सर म्हटलं नव्हतं. भागवतने दोन्ही हात पुढे केले आणि मान खाली घालून पेढा घेतला.