गच्चीवरचा पोछा

आमच्या शाळेच्या गच्चीवर चोवीस सोलर पॅनल आहेत, आणि ते पुसायचं यंत्र मी केलं असं सगळी शाळा म्हणत होती. मीही म्हणत होते! सौरऊर्जेतल्या नव्या कल्पनांच्या पुरस्कारासाठी विद्यार्थी गटात आम्ही अंतिम पाचांत होतो. कळमेश्वरला परीक्षकांसमोर यंत्र चालवून दाखवायचं, आणि संध्याकाळी तिथेच निकाल.

आता खरं सांगते. पहिल्या दिवशी मी कूलरचं जुनं गवत घेऊन पॅनल घासायला बसले होते. नागपुरात ते कुणाच्याही घरी पडलेलं असतं, आई त्यानं कढई घासते.

"काहून घासून राहिली वं पोरी?" गच्ची झाडणाऱ्या अंजनाबाई ओरडल्या. "काच हाये थे, कढई नाही! ओरखडे पाह्य किती पडले!"

खरंच पडले होते. मग अंजनाबाई मावशींनी त्यांची पद्धत दाखवली. सकाळी पॅनल गार असतानाच बांबूला जुनं सुती लुगडं गुंडाळायचं, दोन्ही टोकांना दोर बांधायचे आणि दोघींनी वरून खाली ओढत आणायचं. चोवीस पॅनलना दीड बादली पाणी! मी काय केलं? बांबूच्या जागी हलका पाइप लावला, दोर सहज सरकायला कप्पीसारखी चाकं बसवली आणि दोन महिने रोज किती युनिट वीज झाली ते वहीत लिहिलं. आणि फॉर्मवर? एकटं माझं नाव. खाली बारीक अक्षरात 'स्थानिक कामगाराची मदत'. ती ओळ मीच लिहिली होती.

"मूळ कल्पना विद्यार्थ्याचीच हवी, नियम आहे," सोबत आलेले आमचे गिरिधर सर कळमेश्वरच्या बसमध्ये म्हणाले. "नूपुर, जपून बोल."

यंत्र मस्त चाललं. मग एका परीक्षक बाईंनी विचारलं, "लुगडंच का? स्पंज का नाही?"

उत्तर मला पाठ होतं. पण दोराचं दुसरं टोक धरायला सोबत आलेल्या मावशी समोरच उभ्या होत्या, आणि ते उत्तर त्यांचं होतं.

"मॅडम, हे यांना विचारा," मी म्हटलं. "कल्पना यांची आहे. मी फक्त चाकं लावली."

सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी फाइल मिटली. "मग विद्यार्थी गटातून हे बाद. ताई, तुम्ही सांगा."

"स्पंज रेती धरून ठेवते जी," मावशी म्हणाल्या. "मंग थेच रेती काचेवर फिरते. लुगडं झटकलं का मोकळं."

त्यानंतर तिन्ही परीक्षक अर्धा तास मावशींनाच प्रश्न विचारत होते. यंत्र त्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या गटात घेतलं, आणि संध्याकाळी त्या गटात नाव पुकारलं: अंजनाबाई मेश्राम. मी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. सरांनी मला खाली ओढलं आणि मग स्वतःच उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये मावशी माझ्यावर चिडल्या होत्या. "माह्यापायी तुहं इनाम गेलं. बावळी हायेस का?"

"मावशी, तुम्ही नसता तर मी अजून काचा घासत बसले असते."

"अन् तुह्या वहीबिगर माहं कोनं आयकलं असतं वं?"

कंडक्टर तिकीट द्यायला आला. त्यानं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "काका, आमच्या मावशींना नव्या शोधाचा पुरस्कार मिळाला!" मग पुढच्या सीटवरच्यांना सांगितलं. मग मागच्यांना.

"चूप बस वं," मावशी म्हणाल्या. पण ट्रॉफी काही त्यांनी पिशवीत ठेवली नाही.