भुंग्याच्या गळ्यात पडलेली मी

ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं अडकवलेलं तुम्ही पाहिलं असेल आणि पाहून हसलाही असाल. ते नरसाळं मीच. दवाखान्यात मला कॉलर म्हणतात, लहान मुलं भोंगा म्हणतात, आणि कुत्रे काय म्हणत असतील ते न विचारलेलंच बरं. उगाच कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणतात. माझा तर जन्मच त्यासाठी झाला.

जन्म म्हणजे तरी काय! एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या तावातून मला पंख्याच्या आकारात कापलं, कडेला खाचा पाडल्या, बटणं ठोकली आणि बहिणींसोबत एकीत एक घालून खोक्यात भरलं. खोकं उघडलं ते जनावरांच्या दवाखान्यात. तिथे एक पत्र्याचं टेबल, एक वजनकाटा, फिनेलचा वास आणि भीती. ती भीती भिंतींनाही लागलेली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई काटकसरी. एकदा वापरून मला फेकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. एका जनावराचे टाके निघाले की मला जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचं, घासायचं आणि दारामागच्या खिळ्याला टांगायचं, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत. अशी मी बऱ्याच गळ्यांत राहून आले. एका बोक्याने मला ओरबाडलं. एका आडदांड कुत्र्याने मला घेऊन घरातल्या प्रत्येक दाराला धडका दिल्या. तेव्हा पडलेल्या चिरेवर कंपाउंडरने चिकटपट्टी लावली. मला कुणाचा राग आला नाही. ज्याला खाजवता येत नाही, चाटता येत नाही, त्याने शिव्या द्यायच्या तरी कुणाला?

पण आज सांगायचंय ते भुंग्याबद्दल.

भुंगा म्हणजे वर्षाच्याही आतला काळा कुत्रा. एका सकाळी एका बाईने त्याला टॉवेलात गुंडाळून आणलं. मागून एक म्हातारा आला आणि दाराशीच उभा राहिला. ते तिचे सासरे. ती त्यांना अण्णा म्हणायची. म्हणायची म्हणजे माझ्यासमोर तरी फारच थोड्या वेळा.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच खात नाही. पाणी प्यायला तर तेही उलटून पडतं. पुढचे पाय टेकून मागचं अंग वर करून नुसता उभा राहतो."

"काही भलतंच गिळलंय का?"

दारातून अण्णा म्हणाले, "घरात वस्तू कुठेही टाकल्या की दुसरं काय होणार!"

डॉक्टरीणबाईंनी पोटावरून हात फिरवला. एका जागी बोटं थांबली आणि भुंगा कळवळला. त्याच दिवशी पोट उघडलं. आतड्यात रबराचा एक वेडावाकडा तुकडा अडकला होता. बाईंनी तो ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेऊन दाखवला.

"कुकरची रिंग," सून पुटपुटली. "नवी बसवली आणि जुनी ओट्याखाली राहिली. फेकायची राहिलीच."

अण्णांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

भुंगा भुलीतून जागा होण्याआधीच मला त्याच्या गळ्यात बांधलं. कुठल्याही जनावराशी माझी पहिली ओळख होते ती त्याच्या नाडीशी. भुंग्याची नाडी इतकी बारीक लागत होती की मला वाटलं, आपण बहुतेक चुकीच्या वेळी आलो.

"टाके काढेपर्यंत ही काढायची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "तो रडेल, अडखळेल, तुमच्याकडे केविलवाणं बघेल. बघू दे. जीभ टाक्यांना लागली की संपलं."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, त्यात ही दोन माणसं आणि त्यांच्यातली शांतता. खुंटीला एक हत्यारांची पिशवी टांगलेली. तिला कुणी हात लावत नसे, पण धूळही बसलेली नव्हती. सून एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. अण्णांनी जन्मभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. आता ते दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असत.

त्या घरात बोलणं चालायचं ते भुंग्यामार्फत.

"भुंग्या, त्यांना सांग, जेवण वाढलंय."

"भुंग्या, तिला म्हणावं, भूक नाही."

आणि भुंगा बिचारा मला सावरत एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड फिरवायचा.

सून त्याची सेवा करायची ती मात्र तोंडातून शब्द न काढता. पातळ पेज चमच्याने भरवायची. गोळी कुस्करून जिभेखाली सारायची. माझ्या आत साचलेली लाळ आणि खरकटं ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे त्याला स्वतःचाच वास येऊ नये. जखमेला औषध लावताना तेवढी बोलायची, तेही त्याच्याशीच. "पिशवीतून आलास ना रे तू? पान्हा आणि पक्कडीच्या मध्ये बसून. मी म्हटलं, हे काय आणलंत? तर म्हणाले, घरात कुणीतरी आवाज करणारं हवं."

तिचा नवरा वायरमन होता. भुंग्याला आणल्यावर थोड्याच दिवसांनी तो कामावर असताना शिडीवरून पडला. डोक्याला मार लागला. श्वास चालू होता तो मशीनवर. डॉक्टरांनी हात टेकले आणि मशीन काढायचं का, असं विचारलं, तेव्हा सही केली ती सुनेने. सहीचं मला पहिल्यांदा कळलं ते एका संध्याकाळी, अण्णांच्या तोंडून.

भुंगा पेज ओकला होता. ती पुन्हा पेज करून पुन्हा भरवत होती. अण्णा खुर्चीतून बघत होते. एकाएकी म्हणाले, "माणसाला मशीनवरून काढताना हात थरथरला नाही. आणि कुत्र्यासाठी जीव टाकतेय."

चमचा भुंग्याच्या तोंडाजवळ होता. माझ्या काठाला लागून तो किणकिणला, इतका तिचा हात थरथरत होता. पण तिने तो खाली ठेवला नाही. पेज संपेपर्यंत भरवत राहिली. मग भांडं घासायला गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

अण्णा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. मी त्यांना पुढे फार जवळून पाहिलं. एकदा कंपाउंडरशी बोलताना ते म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. एकच असा गेला की खाली यायचं बटणच सापडेना." असं म्हणून हसलेही होते. कंपाउंडरला हसावं की काय, ते कळेना.

सून कामावर गेली की भुंग्यापाशी अण्णा असत. एका दुपारी भुंग्याला तहान लागली. तो भांड्याकडे गेला, पण माझा काठ आधी भांड्याला लागला आणि भांडं सरकलं. तो पुढे गेला, भांडं पुढे गेलं. असं करत भिंतीपर्यंत पोचले आणि भांडं उलटलं. भुंगा सांडलेल्या पाण्यावर तोंड नेऊ पाहत होता आणि मी मध्ये अडसर. शेवटी तो दमून बसला आणि अण्णांकडे पाहू लागला.

"बघू नकोस असा," अण्णा म्हणाले.

तो बघतच राहिला.

अण्णा उठले. गुडघे टेकून त्याच्यापुढे बसले. "काय रे दशा केलीये तुझी. त्याच्याही तोंडाला असंच प्लॅस्टिक लावलं होतं. पाणी मागतोय का, तेही कळत नव्हतं." त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "घटकाभर मोकळा हो. मी आहे इथे. मी बघतो."

आणि त्यांनी माझी बटणं सोडली.

मला त्यांनी खिडकीत ठेवलं. भुंग्याने अंग झाडलं. अण्णांनी पुन्हा भरलेल्या भांड्यातून पोटभर पाणी प्यायला. अण्णांचा तळवा चाटला, गाल चाटला. अण्णा खुर्चीत टेकले, तसा तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडला. ते त्याच्या कानामागे खाजवत होते. हळूहळू हात थांबला. त्या माणसाला दुपारची झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. नेमकी तेव्हा लागली.

भुंग्याने आधी पंजा चाटला. मग मांडी. मग पोट.

मी बघत होते. माझं काम एकच, मध्ये येणं, आणि मी हातभर लांब खिडकीत ऊन खात पडले होते. मला ओरडता आलं असतं तर! जिभेचा तो ओला, शांत आवाज येत राहिला. मग त्याला टाक्याची गाठ सापडली आणि त्याने ती दातात धरली. जनावराला वाटतं, दुखतंय ते उपटून काढलं की दुखायचं थांबेल.

अण्णा जागे झाले ते भुंग्याच्या किंचाळण्याने. फरशीवर रक्त होतं, आणि पोटावर फट पडून आतलं काहीतरी गुलाबी बाहेर डोकावत होतं. त्यांनी मला उचलून त्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. बटण खाचेत बसेना. "थांब रे, थांब बाळा, थांब," ते म्हणत होते, कुणाला ते देव जाणे. सून दुकानातून आली तेव्हा त्यांनी एका हाताने भुंग्याचं तोंड धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा त्याच्या पोटावर दाबून ठेवला होता.

तिने भुंग्याला उचललं आणि ती जिना उतरली. अण्णा मला छातीशी धरून मागून धावत आले, अनवाणी.

टेबलाशी डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "कॉलर कुणी काढली?"

"बटण सैल झालं होतं," सून म्हणाली. "आपसूकच निघाली असेल."

मी अण्णांच्या हातात होते. त्यांची बोटं माझ्यावर आवळली गेली.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "मी काढली."

मग डॉक्टरीणबाई हळू बोलू लागल्या. जखम चिघळली होती, ताप भरला होता. पुन्हा पोट उघडायचं तर आतडं कापून जोडावं लागेल, आणि इतक्या अशक्त जिवाला पुन्हा भूल द्यायची म्हणजे जगण्याची आशा कमी. नाहीतर एक इंजेक्शन द्यायचं, म्हणजे सुटेल. "ठरवा. पण लवकर."

सुनेने भिंतीला पाठ टेकली. "अण्णा, या वेळी तुम्ही सांगा. मला परत नाही जमायचं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अण्णांनी परतवला असता. ते टेबलापाशी गेले, भुंग्याकडे बघितलं आणि तोंड उघडून तसेच उभे राहिले.

"तेव्हाही असंच विचारलं होतं तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"असंच. उभ्याउभ्या."

"आणि मी?"

"तुम्ही पाणी आणायला खाली गेला होतात."

"पाणी आणायला नव्हतो गेलो," अण्णा म्हणाले. "डॉक्टर येताना दिसले म्हणून गेलो."

टेबलावर भुंगा धापा टाकत होता. सुनेने डोळे मिटून घेतले. अण्णा डॉक्टरीणबाईंकडे वळले. "उघडा पोट. नाही वाचला तर ते माझ्यावर. हिला आता कुणी काही विचारायचं नाही."

पुढचे दिवस मी आठवू म्हटलं तरी नीट आठवत नाहीत. भुंग्याचा ताप माझ्या प्लॅस्टिकला लागायचा, इतकं अंग तापायचं. सलाईन थेंबथेंब चालायची. दोन पिंजरे सोडून एक मांजर होतं, ते गेलं. समोरचं एक पिल्लू गेलं. भुंगाही जातो की काय, असं वाटायचं. डोळे अर्धे उघडे राहायचे आणि माश्यांनाही तो हाकलत नसे. अण्णा रोज येऊन पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून बसायचे. मान टेकवताना मी त्याला टोचू नये म्हणून माझा काठ वर उचलून धरायचे. हात भरून आला की हात बदलायचे. दुकान सुटलं की सून यायची आणि दुसऱ्या बाजूने काठ धरायची.

एका सकाळी अण्णांनी तोंडाशी धरलेल्या वाटीतलं पाणी तो प्यायला, आणि ते पोटात राहिलं.

भुंगा वाचला. पण गेला तसा परत आला नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला. पोटाजवळ हात गेला की अजून दचकतो म्हणतात. दारावरच्या टकटकीला भुंकत नाही. आवाज करणारं म्हणून ज्याला आणलं होतं, तो शांत होऊन बसला.

घरात मात्र त्याच्यामार्फत चालणारं बोलणं थांबलं. माझ्यासमोर झालेलं पहिलं सरळ बोलणं मला पाठ आहे.

"आमटीत मीठ जास्त पडलंय," अण्णा म्हणाले.

"उद्या कमी घालते," ती म्हणाली.

एवढंच. त्या दोघांनी एकमेकांना माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. काही जखमा टाके घालूनही उशिरा भरतात. पण टाके निघाले त्या दिवशी ती दोघं त्याला घेऊन बरोबर आली, आणि जिना उतरताना तिने अण्णांचा हात धरला होता.

मला गळ्यातून काढलं. भुंगा वळूनही न बघता निघून गेला. तसंच असावं. ज्यांचं भलं झालं त्यांनी मला विसरावं.

आता मी पुन्हा दारामागे आहे. अंग दुधी पडलंय, पलीकडचं नीट दिसत नाही. चीर वाढत चाललीये आणि मला एकदाच आणखी वापरायचं, असं ठरलंय. मला त्याचं दुःख नाही. जाण्याआधी मागणं एवढंच. कुणाच्या गळ्यात मी दिसले तर खुशाल हसा, नावं ठेवा. ते जनावर तुमच्याकडे बघेल, आणि तुम्हाला माणूस असल्याची लाज वाटेल, इतकं बघेल. तेव्हा त्याच्यापाशी बसा, त्याची मान मांडीवर घ्या. मला मात्र काढू नका.