जाळीवरचे हातमोजे

क्रेन ओझं खाली सोडायला लागली की उतरत्या ओझ्याची सगळी ताकद उष्णता होऊन रेझिस्टरच्या पेटीत उतरायची. म्हणून वायरमनने ती पेटी भिंतीपासून लांब, मोकळ्या हवेत बसवली होती आणि ती फार तापली की क्रेन थांबवणारा स्विचही जोडला होता. पण थंडीत जो तो तिच्या जाळीवर ओले हातमोजे वाळत घालायचा. हवा कोंडायची, क्रेन अडायची आणि साहेब वायरमनवरच डाफरायचा. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला. शेवटी क्रेन चालवणारा त्याचा धाकटा भाऊच म्हणाला, "दादा, काढून टाक ना तो स्विच! डोक्याला ताप नुसता."

दादाने वैतागून तो काढून टाकला.

पेटी पेटली आणि धूर वरच्या केबिनमध्ये भरला. भाऊ खाली उतरलाच नाही.

दादानेच मग नवी पेटी बसवली, नवा स्विच जोडला. हत्यारं आवरून वळतो तर जाळीवर हातमोजे!

"ऊब फुकट कशाला घालवायची?" क्रेनचा नवा ड्रायव्हर हसत म्हणाला. "खालच्या कपाटात पडून होते."

हातमोज्याच्या अंगठ्याला भावजयीने घातलेली लाल दोऱ्याची शिवण होती. दादाने हातमोजे जाळीवरून काढून खिशात घातले.