मोडलची ओवी

“सर, परत घ्या. खालून भाजीवाल्याचा भोंगा घुसला मधातच.”

कॅमेऱ्यामागून श्रीधर बोलला. प्रेमानंद सरांनी मार्कर खाली ठेवला आणि कपाळाचा घाम टिपला. आवाज येतो म्हणून पंखा बंद होता. भिंतींना काळा फोम, समोर कॅमेऱ्याची काच. बाकं नाहीत, पोरं नाहीत.

“भोंगा कुठं वाजला गा?”

“वाजला ना सर. मले आयकू आला.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. श्रीधरनं मान खाली घालून वायर गुंडाळल्यासारखं केलं. वीस वर्षं त्यानं लग्नांचे व्हिडिओ काढले होते. मग वऱ्हाड्यांच्या खिशाखिशात कॅमेरे आले आणि त्याच्या पोटावर पाय आला. उरलेलं काम कसं पुरवून पुरवून खायचं असतं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. “कॅन म्हणजे अंगातलं बळ. मे म्हणजे दुसऱ्याच्या दाराची कडी. आपण वाजवायची आणि थांबायचं.”

आणि सवयीनं ते थांबले. काच काही बोलली नाही.

धंतोलीतल्या या क्लासमध्ये एकतीस वर्षं ते इंग्रजीचं व्याकरण शिकवत आले. कृष्णकांतजींनी दोन खोल्यांत क्लास काढला तेव्हापासून. आता कृष्णकांतजी नाहीत. त्यांचा मुलगा पुष्कर आहे, आणि पुष्करच्या सहा शाखा आहेत. सगळं व्याकरण एकदा रेकॉर्ड करायचं आणि सहाही ठिकाणी पडद्यावर दाखवायचं, असं त्यानं उन्हाळ्यात ठरवलं. टेन्स झाले, व्हॉइस झाला, नॅरेशन झालं. मोडल क्रियापदं तेवढी उरली: कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक सरांनी काउंटरच्या अलीकडून उलटं वाचलं होतं. त्यात गणितापुढे मास्तराचं नाव होतं, इतिहासापुढे होतं. इंग्रजीपुढे ‘स्क्रीन’ लिहिलं होतं. ते कोणी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त कॅनला दोन दिवस घेतले, कुडला तीन.

“काहो, अजून मोडलच चालू आहे?” रात्री ताट वाढताना इंदूबाईंनी विचारलं. “आपलं लग्न तर दीड दिवसात उरकलं होतं.”

“त्यात कोणाले काही शिकायचं नव्हतं.”

“मले होतं. तुम्ही शिकवलं नाही.” त्या हसल्या, आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाल्या, “संपलं की काय करान?”

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजी मागितली.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी बांधून ठेवली होती. क्रियापदं देऊ, ओवी द्यायची नाही. पारशिवनीजवळच्या त्यांच्या गावी माय पहाटे दळायला बसायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली चाल त्यांनी तरुणपणी मोडलला लावली होती:

कॅन म्हणे मले येते, मे म्हणे येऊ का दारी
शुड म्हणे यावं बापा, मस्ट बसे छातीवरी

पोरं बाकं बडवत म्हणायची. बँकेच्या परीक्षेत ओठ हलवत बसायची. कामठीहून तीन सीटच्या ऑटोत पाचवा बसून येणाऱ्याला, शिवणाची हातमशीन विकून फी भरणाऱ्या मायच्या पोरीला ती ओवी मिळायची. जो येऊन बसेल त्याची ती. काचेची नव्हे.

नवव्या दिवशी पुष्कर स्वतः आला.

“सर, मोडलले नऊ दिवस? टेन्स तर चार दिवसांत झाले होते.”

“टेन्सले घड्याळ असते. इथं माणसाचं मन आहे.”

“बराबर आहे सर. पण आज संपवू. सोमवारी स्क्रीनवाले येऊन राहिले.”

“आणि मी?”

शब्द तोंडातून निघाला तेव्हा सरांनाच नवल वाटलं.

“तुम्ही तर आता सगळीकडेच राहणार सर. सहा ब्रँच, एकाच टायमाले.” पुष्करनं ते मनापासून सांगितलं. त्याला ती मोठी गोष्ट वाटत होती.

सरांनी मार्कर उचलला. शुड आणि मस्ट त्यांनी एका दमात शिकवले. कुठं अडखळले नाहीत, कुठं घाई केली नाही. शेवटच्या बाकावरच्यालाही कळावं असा आवाज लावला. भोंगा वाजला नाही. श्रीधरनं कॅमेरा बंद केला आणि त्याचं झाकण शोधत राहिला.

“वा सर,” पुष्कर म्हणाला. “आता ते गाणं तेवढं घेऊन टाका.”

“ते नाही.”

“काहून सर? तेच तर चालेल.”

“ते माह्या मायचं आहे, पुष्कर. दळतानाचं. ते असं द्यायचं नाही.”

पुष्कर चिडला नाही. चिडला असता तर सरांना बोलता आलं असतं.

“जबरदस्ती नाही सर. तसंही आपल्याजवळ आहे. जुन्या बॅचच्या कोण्या पोरीनं मोबाइलवर घेतलं होतं, ग्रुपवर फिरत फिरत आलं. तेच जोडून देऊ शेवटी.”

त्यानं फोन पुढे धरला.

व्हिडिओ मागच्या बाकावरून काढलेला होता. दूर फळ्यापाशी सर पाठमोरे, शर्ट पाठीला चिकटलेला, खडूचा हात वर. आवाज त्यांचाच, पण कितीतरी तरुण. पुढे डोक्यांच्या रांगा डुलत होत्या, बाकं वाजत होती. चेहरा एकाचाही दिसत नव्हता.

सर शेवटपर्यंत पाहत राहिले.

“कोणती बॅच आहे माहीत नाही,” पुष्कर म्हणाला.

“ही लाल रिबिनीची मोनाली,” सरांचं बोट काचेजवळ गेलं. “बुटीबोरीहून यायची. आता पोस्टात आहे. तिच्या बाजूची दीप्ती, ते एक खांदा उतरता आहे ना, ती. हा मागं संघपाल. कान पाहा त्याचे. त्याचा बाप वारला त्या आठवड्यातही आला होता. अन् हा तिसऱ्या बाकावरचा—”

तोच फोन वाजला. “एक मिनिट सर,” म्हणत पुष्करनं तो कानाला लावला आणि दाराबाहेर गेला.

सरांचं बोट तिसऱ्या बाकाच्या उंचीवर तसंच राहिलं. श्रीधरनं उठून पंखा लावला.