टॉवेलाखालचा सौदा

"आधी 'आज्जा' म्हन, मंग गूळ दितो."

आप्पासोंनी खडा वर धरला. सात वर्षांच्या साक्षीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन्ही मुठी आवळल्या.

समोर ब्राह्मी मॅडम बसल्या होत्या. साक्षीसारख्या, बोलणं अवघड जाणाऱ्या मुलांबरोबर त्या काम करत. सांगलीतल्या त्यांच्या खोलीत आप्पासो सुनेला, अंकिताला घेऊन कवठे महांकाळहून आले होते. नातीच्या तोंडून एकदा 'आज्जा' ऐकायचं, म्हाताऱ्याने एवढा एकच ध्यास घेतला होता. त्यापायी गूळ, बिस्कीट, चेंडू, सगळं अडवून पाहिलं. पोरगी काही बधली नाही. हट्टात ती थेट आज्ज्यावर गेली होती.

"आजोबा, गूळ देऊन टाका," मॅडम म्हणाल्या.

"मंग बोलंल कशाला ती?"

"बोलली तर आनंदच आहे. पण न बोलता ती सांगतेच की. मूठ आवळली म्हणजे नको. आपण ते मानू या. आणि तोंडाकडे बघ म्हणून मागं लागू नका, तिला ते जड जातं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही बैलांचे व्यापारी ना? सौदा कसा करायचा?"

आप्पासो खुलले. "टावेलाखाली, मॅडम! हातात हात घ्यायचा आन् बोटं धरून दर सांगायचा. तोंडातनं चकार शबूद न्हाई. समोरच्याच्या तोंडाकडं तर बघायचंच न्हाई, बघायचं बैलाकडं..."

बोलता बोलता त्यांची नजर साक्षीच्या आवळलेल्या मुठींवर गेली. खरसुंडीच्या बाजारात उभा जन्म न बोलता व्यवहार केले आणि घरच्या पोरीला मात्र बोल बोल म्हणून छळलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. गूळ त्यांनी हळूच साक्षीच्या हातात ठेवला.

त्यानंतर आप्पासो रोज संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर मांडीवर टॉवेल पसरून बसू लागले. बोट दाबलं तर होय, मूठ वळली तर नको. शेजारचा भाऊसो जाता-येता चेष्टा करायचा, "आप्पा, बैल कुठं बांधलाय रं?" साक्षी आधी नुसती टॉवेलाच्या दशा ओढायची आणि पळून जायची. आप्पासोंनी तिला कधी अडवलं नाही.

एके दिवशी तिने आपणहून टॉवेलाखाली हात घातला. समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बाळा, आज्जा जवळ सरकू का?"

त्यांच्या तळव्यात इवलीशी मूठ घट्ट वळली.

दारातून बघणारी अंकिता हळहळली. "आवं मामा, नगं म्हनली की ती तुमास्नी."

"व्हय की! पर मला म्हनली न्हवं!"

आप्पासोंचे डोळे भरून आले होते. टॉवेल नातीपाशी ठेवून ते उठले आणि कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ऐटीत बसले.