साठ दिवस न उघडलेलं

नव्याच्या, माझ्या लेकीच्या, लग्नाच्या शेल्यावर आजोबांच्या ठशांची नक्षी हवी होती. मेटगळ्ळीच्या कापड छापणाऱ्या छापखान्याला ती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

सासऱ्यांचे, श्रीनिवासरावांचे, कापडछपाईचे चार पिढ्यांपासूनचे त्रेसष्ट लाकडी ठसे मी गेल्या वर्षी एकेक करून शाईने कागदावर उठवले, फोटो काढले आणि लॅपटॉपमध्ये उतरवले. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, त्यामुळे जिथे उतरले तिथेच, डाउनलोड्समध्ये, राहू दिले. भाताचा कुकर उतरवला की ओट्यावरच असतो, तसे.

आज तो कप्पा उघडला तर रिकामा.

मध्यंतरी जागा भरली म्हणून लॅपटॉपने विचारलं होतं, आपोआप सफाई करू का. या घरात न सांगता कुणीतरी सफाई करतंय म्हटल्यावर मी आनंदाने हो म्हटलं. साठ दिवस न उघडलेलं सगळं काढून टाकणार, हे खाली बारीक अक्षरात होतं. त्याची कचरापेटी पाहिली. तीही स्वच्छ. फोनमधले फोटो तर मीच पुसले होते.

मग आठवलं, ठसे माळ्यावर आहेत. पुन्हा उठवू.

"अम्मा, माळ्यावरची ठशांची पेटी कुठंय?"

सासूबाई, गौराबाई, तांदूळ निवडत होत्या. "ती हंड्याखाली गेली की. आषाढात सौदे, जळणाची लाकडं, सगळी ओली, ह्यांना आंघोळीला गरम पाणी नको?"

"जाळली?"

"मत्ते? मग काय? तूच म्हणालीस नं, सगळे कॉम्प्युटरात गेले म्हणून. मग सुम्ने, उगाच, धूळ कशाला राखायची?"

माझ्या एका शब्दावर बाईंनी चार पिढ्या चुलीत घातल्या होत्या.

"अम्मा, कॉम्प्युटरातलेही गेले."

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. आतून सासऱ्यांनी विचारलं, "मिळालं काय गं?" त्यांना आता नीट दिसत नाही.

गौराबाई उठल्या. तांदळाच्या डब्याखालून त्यांनी एक ठसा ओढून काढला, डबा कलंडला. "हा टेकूला होता म्हणून राहिला," एवढंच म्हणाल्या.

आम्ही तो आत नेऊन दिला. सासऱ्यांनी त्यावर अंगठा फिरवला. "हा भरणीचा. कोयरीच्या पोटातला रंग तेवढा उठतो ह्याने. भोवतीच्या रेघेचा ठसा कुठाय?"

"तो नाही राहिला," गौराबाई म्हणाल्या. त्यांनी ठसा मांडीवर ठेवला.

"पेन्सिल दे," ते म्हणाले. "रेघ मी ओढतो."

त्यांची रेघ पुरी होतेय तोच नव्याचा फोन. "आई, सगळे पाठवलेस?"

"एकच येतोय," मी म्हटलं. "रेघ जरा वाकडी आहे. ती सरळ करू नका, म्हणावं छापखान्याला."